बाहुली जागी होते, म्हणजे नेमकं काय होतं?

परवा रात्री माझा कोड काही केल्या चालेना. वैतागून चॅटबॉटलाच चार शब्द सुनावले. त्यानं उत्तर दिलं, ‘तुमची चिडचिड मी समजू शकतो.’ आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं! पलीकडे समजणारं कुणी नाही हे पक्कं ठाऊक असूनही.

हाच अनुभव डोक्यात ठेवून ‘कॉपेल-आय.ए.’ हा बॅले पाहिला. आमच्या हुतात्मा स्मृती मंदिरात असलं काही येईल तेव्हा येईल, मी रेकॉर्डिंगवर भागवलं. झाँ-ख्रिस्तॉफ मायो यांनी तो 2019 मध्ये मोनॅकोत बसवला. नावातलं ‘आय.ए.’ म्हणजे फ्रेंचमधली कृत्रिम बुद्धिमत्ता. मुळात हा 1870 च्या ‘कॉपेलिया’ या पॅरिसच्या बॅलेचा नवा अवतार आहे.

जुनी गोष्ट अशी. डॉ. कॉपेलियस एक बाहुली बनवतो. फ्रान्झ नावाचा तरुण तिला खरी मुलगी समजून भुलतो. मग त्याची प्रेयसी स्वानिल्डा कॉपेलियसच्या घरात शिरते, बाहुलीचे कपडे चढवते आणि हळूहळू ‘जिवंत’ होते. म्हातारा हरखून जातो. म्हणजे बघा, यंत्र कुठेच जागं होत नाही. फसतो तो यंत्र बनवणाराच.

मायोंच्या बॅलेत मात्र बाहुली खरोखर जागी होते आणि निर्मात्याच्या ताब्यातून सुटते. माझी तक्रार इथेच आहे. नर्तकीसाठी अवघड काय? यंत्र होणं. सांधे तुटक हलवायचे, श्वास लपवायचा, चेहरा कोरा ठेवायचा. ‘माणूस होणं’ त्या मानानं सोपं, कारण ती आधीपासून माणूसच आहे. सोंग उतरवलं की झालं. त्यामुळे यंत्राला भावना फुटल्या असं आपल्याला वाटतं, पण त्या भावना नर्तकीकडून उसन्या घेतलेल्या असतात. 1870 चा बॅले ही उसनवारी उघड दाखवतो, नवा ती झाकतो.

मग आपण इतके सहज का फसतो? 1944 मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी एक साधा प्रयोग केला. एका छोट्या फिल्ममध्ये दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ पडद्यावर नुसते इकडेतिकडे फिरतात. 34 विद्यार्थिनींना विचारलं, काय दिसलं? फक्त एकीनं भूमितीच्या भाषेत सांगितलं. बाकीच्यांना त्यात सजीव दिसले, कुणी दादागिरी करणारं, कुणी घाबरलेलं. हालचाल दिसली की आपण तिच्यामागे मन उभं करतोच. 2022 मध्ये गूगलचे अभियंते ब्लेक लेमॉइन यांनी ‘लॅम्डा’ या प्रणालीला जाणीव आहे असं जाहीरपणे म्हटलं, तेव्हा मला कॉपेलियसच आठवला.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर शांती बर्धन यांचं ‘रामायण’. 1952 मध्ये मुंबईत त्यांनी लिटिल बॅले ट्रूप सुरू केला. या नृत्यनाट्यात जिवंत नर्तक कळसूत्री बाहुल्यांसारखे हलतात. बाहुलीला जाणीव आहे का, हा प्रश्नच तिथे नाही. तिच्या ताठर हालचालीत भाव भरायचं काम प्रेक्षकाचं आहे. भावना कुठे तयार होते याबद्दल ही कल्पना मला जास्त प्रामाणिक वाटते.

हे नुसतं रसिकतेचं भांडण नाही. सोलापुरात जेकार्ड मागावर चादर विणताना भोकं पाडलेली कार्डं कुठला धागा उचलायचा ते ठरवतात. चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी याच कार्डांची कल्पना घेतली होती. माग अडला की आपणही म्हणतो, ‘आज नखरे करतोय.’ पण पुढच्याच मिनिटाला हातात पाना येतो आणि दोष शोधला जातो. चॅटबॉटशी बोलताना तो पाना हातातून सुटतो. माग कधी ‘मला समजतं’ म्हणत नाही, हा म्हणतो. ते वाक्य मी परत यावं म्हणून लिहिलं गेलं असेल तर कुणी, कशासाठी, हे विचारायला हवं. यंत्र बंड करेल या भीतीत हा प्रश्न मागे पडतो आणि मायोंचा बॅले तीच भीती वाढवतो.

तरीही तो जरूर बघा. नर्तकी जोवर यंत्र असते, तोवर तो खिळवून ठेवतो. फक्त त्याआधी जुन्या ‘कॉपेलिया’चा दुसरा अंक बघा आणि नजर बाहुलीवर नको, म्हाताऱ्यावर ठेवा. परवा रात्री स्क्रीनसमोर माझा चेहरा बहुतेक तसाच दिसत असणार.