सत्ताविसावा वाचक

माझ्या नोकरीतलं एक काम म्हणजे लायसन्स संपलं की सॉफ्टवेअर बंद करणारा कोड लिहिणं. वापर मोजायचा, मर्यादा ओलांडली की ‘परवानगी नाही’ असा निरोप दाखवायचा. दहा-बारा ओळींचं काम. त्यामुळे हार्परकॉलिन्सने २०११ साली अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांना घातलेली अट वाचली, तेव्हा तो कोडच डोळ्यांसमोर आला. अट अशी होती: ग्रंथालयाने घेतलेलं ई-पुस्तक फक्त २६ वेळा वाचकांना देता येईल. सत्ताविसाव्या वाचकासाठी पुन्हा पैसे भरा.

२६च का? दोन आठवड्यांच्या मुदतीने २६ वेळा दिलं, की वर्ष भरतं. छापील पुस्तक झिजतं, मग ई-पुस्तकालाही आयुष्य हवं, असा युक्तिवाद. त्यावर ओक्लाहोमातल्या ग्रंथपालांनी याच प्रकाशनाची, २६पेक्षा जास्त वेळा फिरलेली आणि तरीही धडधाकट असलेली पुस्तकं कॅमेऱ्यासमोर धरली.

मला आमच्या तालुक्याचं ग्रंथालय आठवलं. शेवटच्या पानावर तारखांच्या शिक्क्यांचा कागद असायचा. तो भरला की त्यावर दुसरा चिकटवायचे. पुस्तक खिळखिळं झालं की बाइंडरकडे जायचं आणि नवी पाठ लावून परत यायचं. पुस्तक कधी बाद करायचं, हे ग्रंथपाल ठरवायचे, प्रकाशक नाही.

हा अधिकार आपोआप आलेला नाही. अमेरिकेत एका प्रकाशकाने कादंबरीवर ‘एक डॉलरपेक्षा कमी किमतीत विकू नये’ असं छापलं होतं. मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. १९०८ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, एकदा विकलेल्या प्रतीवर प्रकाशकाची अशी सत्ता चालत नाही. अमेरिकेतली ग्रंथालयं याच तत्त्वावर पुस्तकं देतात. पण ई-पुस्तक त्यांना विकलंच जात नाही. वापरण्याचा परवाना मिळतो. मग प्रत कोणाची, हा प्रश्नच उरत नाही. उरतात फक्त कराराच्या अटी.

आणि अटी बदलत राहतात. २०१८-१९मध्ये अनेक मोठ्या प्रकाशकांनी दोन वर्षांच्या मुदतीचे परवाने स्वीकारले. नोव्हेंबर २०१९पासून मॅकमिलनने नव्या पुस्तकाच्या पहिल्या आठ आठवड्यांत संपूर्ण ग्रंथालय-व्यवस्थेला एकच ई-प्रत द्यायचं ठरवलं. शहर केवढंही असो, प्रत एक. ग्रंथालयांनी खरेदीवर बहिष्कार टाकला आणि मार्च २०२०मध्ये कंपनीने तो नियम मागे घेतला.

प्रकाशकांची भीती खोटी नाही. अमेरिकेत आपल्या ई-पुस्तकांचं ४५ टक्के वाचन ग्रंथालयांतून फुकट होतं, असं मॅकमिलनचं म्हणणं होतं. मी स्वतः परवान्यावर विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पगारावर जगतो, त्यामुळे या भीतीची थट्टा मला करवत नाही. घरबसल्या एका टिचकीत पुस्तक मिळत असेल, तर विकत कोण घेणार? आणि लेखकाचं पोट?

पण ग्रंथालयाची ई-प्रतसुद्धा बहुतेकदा एका वेळी एकाच वाचकाला मिळते. बाकीचे रांगेत. कागदाची अडचण कोडमध्ये आधीच उतरवलेली आहे. नोव्हेंबर २०१६मध्ये युरोपीय न्यायालयाने नेदरलँड्सच्या खटल्यात हेच धरलं: एका वेळी एक वाचक असेल, तर काही अटींवर ई-पुस्तक देणं हे छापील पुस्तक देण्यासारखंच. शिवाय तिथे लेखकाला मोबदला देण्याची सोयही आहे. म्हणजे मधला रस्ता आहे. अमेरिकेत मात्र मेरीलँड राज्याने ‘ग्रंथालयांना वाजवी अटींवर परवाना द्या’ असा कायदा केला, तो प्रकाशकांच्या संघटनेने न्यायालयात नेला आणि २०२२मध्ये तो घटनाबाह्य ठरला. कॉपीराइट हा केंद्राचा विषय, राज्याने त्यात हात घालू नये, हे कारण.

माझा आक्षेप पैशाला नाही. छापील पुस्तकाची अडचण, म्हणजे रांग आणि झीज, ई-पुस्तकात मुद्दाम आणली. पण छापील पुस्तकाचा हक्क, म्हणजे प्रत आपल्याकडे ठेवण्याचा, तेवढा वगळला. फाइल झिजत नाही. तिला म्हातारपण आणतो तो माझ्यासारखाच कोणीतरी, मंगळवारी दुपारी, दहा-बारा ओळी लिहून.

आमच्या तालुक्याच्या ग्रंथालयात ई-पुस्तकं अजून आलेली नाहीत. येतील तेव्हा करारही येईल, आणि बहुधा तो इंग्रजीत, बारीक अक्षरात असेल. तो वाचून दाखवायला मी जाईन. पहिला प्रश्न किमतीचा विचारणार नाही. मुदत संपल्यावर पुस्तक कपाटात राहतं का, एवढंच आधी विचारेन.