टबाचा वाढदिवस, कोलंबोचं नाव आणि पालकातलं लोह

कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, हल्ली वेबमालिकांचीही होते. पण रविवारच्या पुरवणीत कोपऱ्यात ‘तुम्हाला माहीत आहे का?’ म्हणून जी चौकट येते, तिची समीक्षा कोणी केलेली आम्ही पाहिली नाही. अग्रलेख सोडून आधी ती चौकट वाचणारे इथेही बरेच असतील. आता तीच चौकट रोज सकाळी मोबाइलवर येऊन पडते, कोणीतरी पुढे ढकललेली. आज तिच्याकडे एक साहित्यप्रकार म्हणून बघू. चार-पाच ओळींचा मजकूर, लेखकाचा पत्ता नाही, आणि वाचल्यावर शेजारच्याला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. हा मजकूर बनतो कसा आणि बिघडतो कुठे, ते दोन-चार नमुने उसवून बघायचं आहे.

पहिला नमुना अभिजात म्हणावा असा. 28 डिसेंबर 1917 रोजी न्यूयॉर्कच्या ‘ईव्हनिंग मेल’ या वर्तमानपत्रात एच. एल. मेंकन यांचा लेख छापून आला. सूर तक्रारीचा. अमेरिकेतल्या पहिल्या आंघोळीच्या टबाला 75 वर्षं झाली आणि कोणाला त्याची आठवणसुद्धा नाही! मग सविस्तर इतिहास. सिनसिनाटी शहरातल्या अ‍ॅडम थॉम्पसन नावाच्या व्यापाऱ्याने 1842 मध्ये महोगनी लाकडाचा, आतून शिशाचा पत्रा मारलेला टब करून घेतला. वजन 1,750 पौंड. डॉक्टर खवळले, टबातली आंघोळ प्रकृतीला घातक म्हणाले. व्हर्जिनियात टबावर वर्षाला 30 डॉलर कर बसला. बॉस्टनमध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय टबात उतरायला बंदी आली. शेवटी 1851 मध्ये राष्ट्राध्यक्ष मिलार्ड फिलमोर यांनी व्हाइट हाउसमध्ये टब बसवला, तेव्हा कुठे लोकांची भीड चेपली.

हे सगळं मेंकन यांनी टेबलाशी बसून रचलेलं होतं. युद्धाचे दिवस आहेत, वाचकांना जरा विरंगुळा, एवढाच हेतू होता असं त्यांनी पुढे सांगितलं. पण मजकूर बांधलाय कसा, ते बघा. वजन 1,750 पौंड. दोन हजार म्हटलं असतं तर तो अंदाज वाटला असता. सतराशे पन्नास म्हटल्यावर कोणीतरी काट्यावर टाकून बघितलंय असं वाटतं. मग ते खवळलेले डॉक्टर. त्यांच्यामुळे वाचक आपोआप शहाण्यांच्या बाजूला जाऊन बसतो. आपले पणजोबा किती बावळट होते, आणि आपण कसे रोज आंघोळ करतो! हे सुख फुकट मिळत असेल तर पुरावा मागणार कोण? आणि फिलमोर. ज्याच्याबद्दल सामान्य वाचकाला काहीच ठाऊक नाही असा राष्ट्राध्यक्ष निवडला. रिकामी खुंटी; काहीही अडकवा. (आपल्याकडे उलटं चालतं. हजरजबाबी विनोद बेवारस सापडला की तो अत्र्यांच्या नाहीतर पु.लं.च्या नावावर चढतो. तिथे खुंटीवर आधीच इतके अंगरखे असतात की आणखी एक खपून जातो.)

थाप पसरली. वर्तमानपत्रांतून, वैद्यकीय लिखाणातून, संदर्भग्रंथांतून फिरली. 1926 च्या मे महिन्यात मेंकन यांनी जाहीर लेख लिहून सांगितलं की बाबांनो, ते सगळं मी बनवलं होतं. तो खुलासा अनेक वर्तमानपत्रांनी छापला. ‘बॉस्टन हेरल्ड’ने तर अमेरिकन जनता काहीही गिळते, अशा अर्थाच्या मथळ्याखाली छापला. आणि तीन आठवड्यांनी त्याच ‘बॉस्टन हेरल्ड’ने टबाची मूळ कथा खरी बातमी म्हणून पुन्हा छापली. [हशा] पुढे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमनसुद्धा फिलमोरच्या टबाची गोष्ट सांगत. खुलासा फिरला नाही, कारण तो चौकटीत बसत नव्हता. ‘फिलमोरने टब बसवला नव्हता’ हे वाक्य जेवणाच्या टेबलावर कोण कोणाला सांगणार?

दुसरा नमुना दूरदर्शन मालिकेतला. ‘कोलंबो’ मालिकेतला तो चुरगळलेल्या रेनकोटातला गुप्तहेर काहींच्या आठवणीत असेल, पीटर फॉक यांनी केलेला. मालिकेत त्याला सगळे ‘लेफ्टनंट’ म्हणतात, पहिल्या नावाने कोणी हाक मारत नाही. 1974 मध्ये फ्रेड वर्थ यांनी किरकोळ माहितीचा एक कोश काढला आणि त्यात कोलंबोचं पहिलं नाव ‘फिलिप’ असं देऊन टाकलं. स्वतः बनवलेलं, मुद्दाम. हेतू असा की कोणी कोश चोरला तर फिलिपही चोरेल आणि पकडला जाईल. पुढे ‘ट्रिव्हियल परस्यूट’ हा पटावरचा प्रश्नोत्तरांचा खेळ अमाप खपला आणि त्याच्या पत्त्यांवर कोलंबोचं नाव आलं ‘फिलिप’. वर्थ यांनी 1984 मध्ये 30 कोटी डॉलरचा दावा ठोकला. खेळवाल्यांनी सरळ सांगितलं की हो, तुमचं पुस्तक वापरलं, इतरही वापरली. न्यायालय म्हणालं, वस्तुस्थिती ही कोणाची खाजगी मालमत्ता नसते. वर्थ हरले, 1987 मध्ये अपिलातही हरले.

कायद्याच्या दृष्टीने निकाल योग्यच आहे असं आमचं मत आहे. तथ्यांवर मालकी लागली तर उद्या पंचांगही छापता येणार नाही. आमचं लक्ष दुसरीकडे जातं. खेळ तयार करणाऱ्यांनी मालिका लावून बघितली असती तर? 1971 च्या एका भागात कोलंबोचं ओळखपत्र पडद्यावर दिसतं आणि त्यावर नाव आहे ‘फ्रँक’. म्हणजे उत्तर पडद्यावर होतं. पण पुस्तकातून पत्त्यावर उतरवणं सोपं होतं. या प्रकारातली बरीचशी माहिती अशीच एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाते, मधे वस्तूशी गाठच पडत नाही.

आता तिसरा नमुना, जरा नाजूक. कारण इथे फसलेली माणसं स्वतःला चिकित्सक समजत होती. ‘पालक खा, रक्त वाढतं’ हे आपण सगळ्यांनी ताटावर ऐकलेलं आहे. त्यावरची हुशार मंडळींची गोष्ट अशी: एकोणिसाव्या शतकात एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाकडून दशांश चिन्ह चुकलं, पालकातलं लोह दहापट छापलं गेलं, ती चूक पुढे काही दशकं कोणाला दिसली नाही, आणि त्यापायी बिचारा पॉपाय डब्यामागून डबे पालक खात राहिला. वा! विज्ञान, व्यंगचित्र आणि एका टिंबाची करामत. 1981 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या नाताळच्या सुमारास निघालेल्या अंकात टी. जे. हॅम्ब्लिन यांनी ती सांगितली, संदर्भ न देता. लेखाचा विषयच मुळी विज्ञानातल्या खोट्या गोष्टी हा होता! त्यानंतर ही टिंबाची कथा विद्वान लोक एकमेकांना सांगू लागले, आणि सांगताना तात्पर्य असं की बघा, मूळ स्रोत तपासायला हवेत.

2010 मध्ये माइक सटन या गुन्हेशास्त्राच्या अभ्यासकाने मूळ स्रोत खरोखर तपासायला घेतले. हुकलेल्या टिंबाचा पुरावा सापडला नाही. पॉपायचं काय? 1932 च्या चित्रपट्टीत तो पालकाचं कारण सांगतो ते ‘अ’ जीवनसत्त्वाचं, लोहाचं नव्हे. पुढे 2014 मध्ये नॉर्वेचे ओले ब्योर्न रेकडाल यांनी अभ्यासकांच्या जगात अशा दंतकथा कशा फिरतात यावर लेख लिहिला, त्यातही हाच पालक.

पालकाची खरी हकीकत मात्र कोणी सांगत नाही. ताज्या पालकात दहा भागांतले नऊ भाग पाणी असतं. म्हणून वाळवलेल्या पालकाचा आकडा ताज्या पालकाला लावला की लोह आपोआप फुगतं. शिवाय जे लोह आहे त्यातलं शरीराला फार थोडं मिळतं. हेही वाचण्यासारखं आहे. पण यात हसायला कोणी माणूस नाही. टिंब चुकवणारा जर्मन मिळाला की गोष्टीला तोंड येतं. मेंकनच्या डॉक्टरांचं काम इथे तो जर्मन करतो.

याचा अर्थ सगळीच गमतीदार माहिती पोकळ असते असं समजू नका. उलट उदाहरण देतो. 1997 मध्ये आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या नायमेखेन इथे जिवंत बेडूक हवेत तरंगवला, दोरी नाही, काच नाही. ऐकायला तर ही थेट थाप वाटते. पण हिचा दोरा ओढा. बेडकाच्या अंगात मुख्यतः पाणी, आणि पाणी चुंबकापासून किंचित, अगदी किंचित दूर ढकललं जातं. एरवी ते जाणवत नाही. चुंबक पुरेसा जबरदस्त असला की ते ढकलणं वजनाइतकं होतं आणि बेडूक अधांतरी. बेडकाला काही झालं नाही. या प्रयोगाला 2000 मध्ये इग नोबेल हे थट्टेचं पारितोषिक मिळालं, आणि त्याच गाइम यांना 2010 मध्ये ग्राफीनसाठी खरं नोबेल. प्रत्येक प्रश्नागणिक ही गोष्ट वाढत जाते. टबाची गोष्ट पहिल्याच प्रश्नाला बसते.

एक घरचा नमुना घेतो आणि थांबतो. ‘भारतातली पहिली रेल्वे?’ स्पर्धा परीक्षेला बसणारा कुठलाही मुलगा झोपेतही सांगेल: 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे. त्यावरची चौकट तर पाठच असते. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, 14 डबे, 400 पाहुणे, 21 तोफांची सलामी. सगळं बरोबर आहे, आणि ती नावं म्हणायलाही किती छान! फक्त मधला एक शब्द वाटेत गळला आहे: ‘प्रवासी’. ती पहिली प्रवासी रेल्वे. मद्रासजवळ रेड हिल्स इथे 1837 मध्येच रेल्वे धावत होती, रस्त्याच्या कामासाठी दगड वाहायला. रुडकीजवळ सोलानी नदीवर गंगा कालव्याचं बांधकाम चाललं होतं, तिथे 1851 मध्ये ‘थॉमसन’ नावाचं वाफेचं इंजिन बांधकामाचा माल ओढत होतं.

टबाच्या बाबतीत कोणीतरी बसून खोटं लिहिलं होतं. इथे तसं कोणीच केलेलं नाही. प्रश्न एका ओळीत मावायला हवा, म्हणून एक शब्द कमी झाला, आणि त्या शब्दाबरोबर मद्रास गेलं, रुडकी गेलं, ते रूळ टाकणारे मजूर गेले. उरले 400 पाहुणे आणि 21 तोफा. रेड हिल्सच्या गाडीत बसवायला पाहुणे नव्हते, दगड होते. आता तुमचे प्रश्न घेऊ.