आदरार्थी बहुवचन आणि सभ्य शब्दांचा वाद

सभ्य संबोधनांचा जो वाद १९९० च्या सुमारास अमेरिकन विद्यापीठांतून जगभर पसरला, त्याचे मराठीतील पडसाद प्रायः नामांभोवतीच घुटमळत राहिले आहेत. ‘अपंग’ म्हणावे की ‘दिव्यांग’, यावर आपण हिरिरीने बोलतो. हा प्रश्न क्षुद्र आहे असे नव्हे. १९३८ साली मुंबई विधानसभेत अस्पृश्यांना कायद्यात ‘हरिजन’ हे नाव देण्याचे बहुमताने ठरले, तेव्हा डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी सभात्याग करून बाहेर पडले. त्या नावाचा व्युत्पत्त्यर्थ मंगलच होता; परंतु ज्यांचे ते नाव, त्यांच्या प्रतिनिधींनी ते नाकारले होते. उलट ‘दलित’ या शब्दात व्युत्पत्तीने गोड असे काहीच नाही, तरी १९७२ मध्ये दलित पँथरने तो अभिमानाने आपल्या नावात घेतला. सन्मान शब्दार्थात नसून शब्द निवडण्याच्या अधिकारात असतो, एवढे यावरून दिसते.

मराठीपुरते मात्र हे विवेचन अपुरे पडते. इंग्रजीत द्वितीय पुरुषी सर्वनाम व्यवहारात एकच उरल्यामुळे आदर-अनादराचा बराच भार नामांवर पडतो. आपल्याकडे तो ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांत आणि थेट क्रियापदात वसतो. परिपत्रकात ‘दिव्यांग बांधव’ असे छापावयाचे आणि खिडकीशी आलेल्या त्याच गृहस्थास ‘उद्या ये’ म्हणावयाचे, यात व्याकरणाने अधिक खरी साक्ष दिलेली असते.

यावर कोणी म्हणेल, आईला आणि विठ्ठलालाही आपण ‘तू’च म्हणतो. आक्षेप योग्य आहे. ब्राउन आणि गिलमन यांनी १९६० च्या आपल्या निबंधात सत्ता आणि सख्य असा जो भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. ‘तू’ला ‘तू’ परत येत असेल तर ते सख्य. ‘तू’ला ‘तुम्ही’ परत येत असेल तर ती सत्ता. आई-लेकरांचे ‘तू’ परस्पर असते. जुन्या घरांतील ‘अगं’ आणि ‘अहो’ तसे नव्हते. (विठ्ठलाचे उत्तर आपल्याला ऐकू येत नाही, तेव्हा तो पुरावा बाजूस ठेवणे बरे.)

आपल्या समीक्षेने या अंगाने कथा-कादंबऱ्यांचे निवेदन क्वचितच तपासले आहे. संवादातील ‘तू’ पात्राच्या माथी मारता येतो. परंतु एकाच परिच्छेदात मालक ‘आले’ आणि त्यांच्याच वयाचा गडी ‘आला’, असे जेव्हा निवेदक लिहितो, तेव्हा ते एकवचन कोणत्याही पात्राचे नसते.