विक्रांतच्या पोटातला उजेड

हे मॉडेल बघायचं तर आधी खोलीतली ट्यूब बंद करावी लागते. दिवसाच्या उजेडात काचेच्या पेटीत एक राखाडी, नेटकं, दोन फूट लांबीचं जहाज दिसतं. सपाट डेक, डेकच्या उजव्या कडेला उभा मनोरा, त्यावर डोलकाठी आणि रडार. माणूस कौतुक करतो आणि पुढे जातो. ट्यूब बंद करून पेटीखालचा पहिला स्विच दाबला की तोच माणूस वाकतो आणि एक डोळा मिटून खिडकीतून आत बघायला लागतो. या कलाकृतीचं सगळं बळ या वाकण्यात आहे, असं मला वाटतं.

ही आयएनएस विक्रांत आहे, पहिली. आणि ती घडली आहे बीड शहरात. घडवणारे गृहस्थ आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवून निवृत्त झाले. नाव छापू नका म्हणाले, म्हणून नुसतं सर म्हणतो. या छंदाच्या जगात तयार सुट्या भागांची खोकी मिळतात, पण त्यांत बहुधा यामातो, बिस्मार्क, मिसुरी अशी परदेशी नावं असतात. सरांना विक्रांतच करायची होती. म्हणून त्यांनी खोक्याचा नाद सोडला आणि प्लॅस्टिकचे पातळ पत्रे, अ‍ॅक्रिलिक आणि पितळी तार घेऊन फोटोंवरून, आराखड्यांवरून मापं काढत सगळं मुळापासून उभं केलं.

मापाचं आधी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा रस मापातच आहे. खरी नौका सुमारे २१३ मीटर लांब होती. मॉडेलचं प्रमाण एकास साडेतीनशे, म्हणजे लांबी ६१ सेंटिमीटर भरते. या हिशेबानं नौसैनिक ज्वारीच्या दाण्याएवढा होतो, जेमतेम पाच मिलिमीटरचा. सी हॉक विमान साडेतीन सेंटिमीटरच्या आत बसतं. आणि दिव्याचं काय? दुकानात सर्रास मिळणारा एलईडी तीन मिलिमीटरचा असतो. तो खिडकीत बसवला तर खऱ्या नौकेवर मीटरभर रुंदीचा दिवा लावल्यासारखं होईल. दिवे लावलेली कितीतरी मॉडेलं इथेच फसतात. दिवा लागला रे लागला की जहाजाचं खेळणं होतं, कारण उजेडाचं माप जहाजाच्या मापाशी जुळत नाही.

सरांनी एलईडी दिसूच दिलेला नाही. तो तळाशी बंद डबीत आहे, आणि तिथून पाव मिलिमीटर जाडीचे प्रकाशतंतू निघून वर जिथे दिवा हवा तिथे उगवतात. पाव मिलिमीटर गुणिले साडेतीनशे म्हणजे नऊ सेंटिमीटरच्या आसपास. भिंतीवरचा दिवा एवढाच असतो! तंतू आणले जत्रेत मिळणाऱ्या त्या शोभेच्या फुलझाडाच्या दिव्यातून, आणि तारा आणल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून. बीडसारख्या गावात पाणबुडी पंपाच्या मोटारी बारमाही जळतात, त्यामुळे केसासारखी बारीक इनॅमलची तांब्याची तार इथे कुठेही मिळते. जहाजाच्या आतल्या कप्प्यांत लपवलेल्या सुट्या एलईडींना याच तारा गेल्या आहेत. त्यांवर वेगळं वेष्टण नाही, म्हणून त्या अरुंद कप्प्यांतून वळतात, आणि वरून रंगाचा हात फिरवला की नाहीशा होतात.

उजेड किती ठेवायचा याचा निर्णय मला सगळ्यात मोठा वाटतो. मोबाइलच्या चार्जरमधून पाच व्होल्ट येतात. पांढऱ्या एलईडीला त्यातले तीनेक व्होल्ट लागतात. उरलेल्यासाठी शंभर ओहमचा रेझिस्टर लावला की दिवा भरपूर लागतो. यांनी एक किलोओहमचा लावला आहे. प्रवाह वीस मिलिअँपिअरवरून दोनवर आला आणि खिडकीतून उजेड ओसंडायचा थांबला. तो आतच राहतो. भिंतीचं प्लॅस्टिक पातळ असल्यानं प्रकाश तिच्यातून झिरपून अख्खं जहाज कंदिलागत पेटू शकलं असतं, म्हणून आतून आधी काळा हात आणि त्यावर पांढरा. काळा उजेड अडवतो आणि पांढरा तो कप्प्यात परत फिरवतो. बाजूच्या गोल खिडक्या अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलनं एकेक करून पाडल्या आणि फेविकॉलच्या थेंबानं भरल्या. वाळल्यावर फेविकॉल पारदर्शक होतो आणि भोकाला भिंगासारखी काच बसते. या काचा अगदी सारख्या नाहीत, एखादीत बुडबुडा राहिला आहे. त्यामुळे ओळीनं लागलेल्या खिडक्या यंत्रानं छापल्यासारख्या दिसत नाहीत. काही खिडक्या मुद्दाम अंधाऱ्या ठेवल्या आहेत. सगळेच एका वेळी जागे नसतात.

आता निवडीकडे येऊ. विक्रांत म्हटलं तरी कुठली? इंग्लंडमध्ये टाइन नदीवर हर्क्युलिस या नावानं ती १९४५ मध्ये पाण्यात उतरली. युद्ध संपलं आणि ती अर्धवट पडून राहिली. १९५७ मध्ये भारतानं घेतली, बेलफास्टला पुरी झाली आणि ४ मार्च १९६१ रोजी नौदलात आली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिचं पुढचं टोक सी हॅरियर विमानांसाठी वर उचललं गेलं. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली, मग मुंबईत काही वर्षं संग्रहालय, आणि शेवटी २०१४ मध्ये भंगार. बऱ्याच लोकांच्या आठवणीत ती वर उचललेल्या नाकाचीच आहे. सरांच्या मॉडेलमध्ये पुढचं टोक सपाट आहे आणि तिथे वाफेच्या कॅटापल्टवर एक अलिझे विमान उभं आहे. सी हॉक मात्र डेकवर एकही नाही. मागची लिफ्ट खाली गेलेली आहे. त्या चौकोनी विहिरीतून वाकून पाहिलं तर हँगरमध्ये पंख मिटलेले सी हॉक ओळीनं दिसतात.

एवढ्यावरून तारीख वाचता येते. डिसेंबर १९७१, भारत-पाकिस्तान युद्ध, वेळ रात्रीची. ४ डिसेंबरला विक्रांतवरून उडालेल्या सी हॉकनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले चढवले. दिवसा ते आणि रात्री अलिझे, अशी ती पाळी होती. म्हणून सी हॉक खाली झोपलेले आणि अलिझे सज्ज. कुठेही पाटी नाही, तारीख लिहिलेली नाही. विमानांच्या जागाच सगळं बोलतात.

याहून सूक्ष्म जागा पाण्यात आहे. जहाज पाण्यात बसवलेलं आहे आणि पुढच्या टोकाशी फुटणारी लाट फार बुटकी आहे. पहिल्यांदा मला वाटलं, इथे हात आखडला. मग लक्षात आलं. त्या युद्धात विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला होता. पूर्ण वेग घेणं शक्य नव्हतं, आणि विमानवाहू नौकेला वेग हवा असतो तो पळण्यापेक्षा विमानं उडवण्यासाठी, डेकवर समोरून वारा मिळावा म्हणून. त्या अधू बॉयलरनिशी ती लढली. ते सगळं त्या बुटक्या लाटेत आहे. पांढऱ्या फेसाचा मोठा फुलोरा काढणं सोपं होतं आणि फोटोत तो शोभला असता. कारागिराला खरं माहीत असलं की हात कुठे आवरतो, ते इथे पाहावं.

पहिला स्विच आणि दुसरा स्विच यांत हे मॉडेल दोन वेगळ्या गोष्टी सांगतं. पहिल्यावर शांततेच्या काळातली संध्याकाळ. खिडक्यांतून पिवळसर उजेड, डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा, डोलकाठीवर पांढरा. दुसरा दाबला की हे सगळं विझतं. बाहेरून जहाज जवळजवळ दिसेनासं होतं आणि लिफ्टच्या विहिरीतून मंद लाल उजेड वर येतो. युद्धात नौका रात्री अशीच अंधारी करतात. खिडक्यांवर झाकणं पडतात, डेकवर सिगारेटसुद्धा पेटवायची नाही. आत लाल दिवे, कारण लाल उजेडात डोळ्यांची अंधारात पाहायची ताकद टिकते. पांढऱ्या उजेडात ती जाते आणि परत यायला अर्धा तास लागू शकतो. विक्रांतच्या बाबतीत न दिसणं हेच चिलखत होतं. तिला शोधायला पाकिस्तानची गाझी पाणबुडी बंगालच्या उपसागरात आली होती. विक्रांत तेव्हा अंदमानात दडलेली, आणि विशाखापट्टणमजवळून राजपूत ही विनाशिका फसवे संदेश पाठवून ती तिथेच असल्याचा भास निर्माण करत होती. गाझी विशाखापट्टणमपाशीच बुडाली.

दिव्यांच्या कामाचा सर्वोच्च क्षण दिवे विझण्यात असावा, हे मला फार आवडतं. आपल्याकडे रोषणाई म्हटली की माळ. मुंबईत नौदल दिनाच्या सुमारास गेटवेसमोर युद्धनौका कडेकडेनं दिवे लावून उभ्या राहतात, ते दृश्य देखणंच असतं. गणपतीच्या आराशीत कुणी जहाज केलं तर त्याच्या काठानं लुकलुकती माळ जाणार. त्या उजेडात जहाजाचा आकार दिसतो. सरांनी कडेनं एकही दिवा लावलेला नाही. त्यांचा सगळा उजेड आतून येतो, आणि आतून आलेल्या उजेडात माणसं दिसतात. ती प्रत्यक्ष नसली तरी दिसतात, कारण दिवा लागला म्हणजे तो कुणीतरी लावला आहे.

जहाजाच्या आतली माणसं दाखवायची कशी, हा पेच जुना आहे आणि आपल्या मातीतही तो कुणीतरी सोडवलेला आहे. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत. त्यांवर वल्ह्यांच्या ओळी असलेल्या लढाऊ नौका कोरल्या आहेत. देवगिरीचा महादेव यादव आणि कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेल्या समुद्रयुद्धाशी अनेक अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. म्हणजे आमच्या मराठवाड्यातलं राज्य त्या पाण्यावर लढलं. त्या शिल्पकारानं नौका लहान केली आणि माणसं मोठी केली. प्रमाण सोडलं आणि योद्धा राखला. अठराव्या शतकातल्या इंग्रज गोद्यांमधल्या मॉडेलकारांनी दुसरी वाट काढली. त्यांनी जहाजाच्या खालच्या अंगाच्या फळ्याच लावल्या नाहीत, फासळ्यांमधून आत बघा म्हणून. सरांनी माणसं मोठी केली नाहीत, फळ्याही काढल्या नाहीत. जहाज जसं असतं तसं बंद ठेवलं आणि आत दिवा लावला. एकसरच्या शिल्पकाराला हा तोडगा दगडात मिळणं शक्य नव्हतं, पण तो पाहून त्याला आनंद झाला असता.

एक जागा मात्र मला पटत नाही. दुसऱ्या स्विचवरही मनोऱ्यातल्या ब्रिजच्या खिडक्या लालसर दिसतात. युद्धाच्या रात्री ब्रिज अंधाराच ठेवतात. बाहेर पाहणाऱ्याला पुढ्यात फक्त उपकरणांची अंधूक चमक हवी असते. सरांना हे माहीत आहे. त्यांचं म्हणणं, तो लाल काढला तर मनोरा काळोखात बुडतो आणि बघणाऱ्याला जहाज कुठल्या दिशेला चाललं आहे ते कळत नाही. म्हणणं चुकीचं नाही. तरी लाटेच्या बाबतीत ज्या माणसानं सत्यासाठी शोभा सोडली, त्यानं इथेही सोडायला हवी होती. दिशा डेकच्या कडेवरून कळली असती, जरा उशिरा कळली असती एवढंच.

बीडहून मुंबईचा समुद्र रस्त्यानं चारशे किलोमीटरच्या घरात आहे. इथल्या माणसाला पाणी माहीत आहे ते माजलगावच्या धरणाचं, बिंदुसरेचं, कुंडाच्या मधोमध उभ्या कंकालेश्वराचं. तरी विक्रांत बीडच्या रस्त्यांवरून धावली आहे. नौका भंगारात निघाल्यावर तिचं पोलाद बजाजनं घेतलं आणि २०१६ मध्ये ‘व्ही’ ही मोटारसायकल काढली. तिच्या पेट्रोलच्या टाकीत विक्रांतचं पोलाद वापरल्याचं कंपनीनं सांगितलं होतं. जालना रोडला अजूनही एखादी दिसते. पोलाद असं गावोगाव गेलं, पण नौकेची जागा, आतलं अंतर, एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना किती वाकावं लागे, ते कुठल्याच टाकीत उतरत नाही. मूळ नौका आता नाही, ताडून पाहायला जायची सोय नाही. म्हणूनच सरांनी हँगरच्या पलीकडे, जिथे डोळा पोचत नाही तिथेही, झोपायच्या बंकांच्या तीन रांगा केल्या आहेत. दिसत नाहीत त्या. पण त्यांच्यावरून परतणारा उजेड हँगरच्या दारात किंचित तुटक पडतो, आणि रिकाम्या कप्प्यातून येणारा उजेड असा पडला नसता.

सध्या त्यांच्या टेबलावर नव्या विक्रांतचे कागद आहेत, २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नौदलात आलेल्या. ती २६२ मीटर लांब आहे, म्हणजे याच प्रमाणात पाऊण मीटर. तिच्यात सुमारे २,३०० कप्पे असल्याचं सांगतात. एवढ्यांत दिवे लावता येणार नाहीत, तेव्हा कुठले उजळायचे आणि कुठले अंधारात ठेवायचे याची यादी पेन्सिलनं चालली आहे. हँगरवर, ब्रिजवर काट मारून पुन्हा लिहिलेलं आहे. पहिल्या ओळीत भटारखाना आहे, त्यावर काट नाही.