जोडशहराची कल्पना : एक परीक्षण

१९६५ सालीं ‘मार्ग’ या त्रैमासिकाच्या मुंबईविषयक अंकांत चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनीं खाडीपलीकडे जोडशहर वसविण्याची सूचना मांडली. नगररचनेवरील लेखनाची समीक्षा करण्याची आपल्याकडे फारशी चाल नाहीं. परंतु ज्या लेखनानें लक्षावधि संसारांची दिशा बदलली, त्याची परीक्षा सुजाण वाचकांनीं टाळूं नये, असें आम्हांस वाटतें.

या सूचनेचा मोठा गुण म्हणजे तिची सरळ मांडणी. मुंबई दक्षिणोत्तर चिंचोळी. कचेऱ्या दक्षिण टोंकाला, वस्ती उत्तरेस. म्हणून सकाळीं सारें शहर एकाच दिशेनें लोटतें. तेव्हां कामधंदाच पूर्वेस न्यावा, हा तिचा गाभा. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली व ९५ गांवांचा सुमारें ३४४ चौरस किलोमीटर प्रदेश नव्या शहरासाठीं ठरला. कल्पनेस शासनाचा हात इतक्या त्वरेनें क्वचितच लाभतो.

परंतु शासनाचे हात दोन होते. एकानें नवें शहर आंखलें. दुसऱ्यानें त्याच दशकांत नरिमन पॉइंटच्या भरावावर कचेऱ्यांचे मनोरे उभे राहूं दिले. सचिवालयही जागचें हललें नाहीं. खाडीवरील पूल १९७३ सालीं झाला. आगगाडी मात्र वाशीस १९९२ सालीं पोंचली.

शिवाय, नकाशावर मोकळी दिसणारी ही भूमि आगरी-कोळ्यांची भातशेती व मिठागरें होती. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनांत जानेवारी १९८४ मध्यें गोळीबारानें पांच जण मृत्यु पावले. विकसित भूमीचा साडेबारा टक्के वांटा हें या झगड्याचें फळ होय.

दोष केवळ कल्पनेचा नव्हे. १९७५ पासून सर्व प्रदेशाचें नियोजन राज्यशासनाच्या अधीन असलेल्या प्राधिकरणाकडे आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें महानगर नियोजन समितींतील निदान दोनतृतीयांश सभासद स्थानिक लोकप्रतिनिधींनीं आपल्यांतून निवडावे, असें ठरविलें. तथापि खरी सूत्रें प्राधिकरणाच्याच हातीं राहिलीं. प्रदेशांत ९ महानगरपालिका आहेत, पण अवघ्या प्रदेशाच्या वतीनें मतदारांस जाब देणारा एकही नाहीं. शहराचा आराखडा तज्ज्ञांनीं अवश्य काढावा. परंतु ज्याची शेती त्या रेषेखालीं जाते, त्यास रेषा ओढण्यापूर्वींच विचारणारी सभा हवी. ती नसेल तर उत्तम कल्पनाही अर्धीच फळते, हाच या मसुद्याच्या इतिहासाचा बोध आम्ही मानतों.