राखणे आणि परत देणे

इंग्रजीतील 'कीप बॅक' या जोडक्रियापदाचा अर्थ शाळेत आम्हांला 'अडवून धरणे' एवढाच सांगितला होता. लोटणारी गर्दी अडवावी, डोळ्यांतले पाणी अडवावे, किंवा द्यायचे ते हळूच राखून ठेवावे, साऱ्यांना तो चालतो. पण त्यातल्या 'बॅक'मध्ये केवढे काव्य दडले आहे, हे मला कळले ते जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्सच्या 'द लेडन एको अँड द गोल्डन एको' या १८८२ मधील कवितेमुळे.

वेल्समधील सेंट विनिफ्रेडच्या झऱ्यावरचे हे कुमारिकांचे गीत. कवीच्या अपुऱ्या राहिलेल्या एका नाटकासाठी लिहिलेले. शिशाचा प्रतिध्वनी विचारतो, सौंदर्य निसटू नये म्हणून एखादी फीत, एखादी कडी, एखादी किल्ली आहे का? आणि येथे 'कीप' ओळीच्या शेवटी राहतो, 'बॅक' पुढल्या ओळीच्या तोंडी जातो. अडवायला निघालेले क्रियापदच मध्ये उसवते! उत्तर अर्थातच नकाराचे. सुरकुत्या आणि पिकले केस कुणाला चुकले आहेत?

मग सोन्याचा प्रतिध्वनी बोलतो. 'बॅक' पुन्हा येतो, पण 'कीप'चा हात सोडून 'गिव्ह'चा धरून. सौंदर्य ज्याचे त्याला परत द्या. देवापाशी त्यातली एक पापणीसुद्धा हरवणार नाही. शब्द तोच, दिशा मात्र उलटी. मराठी करताना मी नेमका येथे हरलो. 'मागे ठेवणे' म्हटले की आपल्याला माणूस जाताना काय मागे ठेवून गेला ते आठवते. 'राखणे' जवळचे खरे, पण त्याला राखेचा वास येतो.

हा दुसरा भाग जरा लांबला आहे, असे माझे मत. तरी तो कोरडा उपदेश वाटत नाही, कारण सांगणारा स्वतः तसे वागला होता. १८६८ मध्ये जेझुइट संघात जाण्यापूर्वी त्याने आपल्या कविता जाळल्या आणि पुढे सात वर्षे जवळजवळ काही लिहिले नाही. १८८९ मध्ये तो गेला, तेव्हा नंतरच्या कवितांच्या प्रती रॉबर्ट ब्रिजेस या कविमित्रापाशी होत्या. ब्रिजेसने मोजक्याच बाहेर सोडल्या. संग्रह काढला तो १९१८ मध्ये. एकोणतीस वर्षे त्याने त्या 'कीप बॅक' केल्या! अडवल्या म्हणावे की राखल्या? त्याच्यावर रागावणारे रसिक आहेत. मी त्यांच्यात नाही. त्याने जपलेल्या त्या हस्तलिखितांतूनच तर हे गीत माझ्यापर्यंत आले.