सवय की समज? ‘ट्राउट मास्क रेप्लिका’च्या निमित्ताने

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, की आयुष्यभर ह्यूम आणि कांट शिकवलेल्या माणसाचं रॉक संगीताशी काय देणंघेणं? देणंघेणं आहे. सौंदर्यशास्त्रातला एक जुना प्रश्न या संगीतात जितका उघड्यावर येऊन उभा राहतो तितका दुसरीकडे क्वचितच. एखादी कलाकृती पहिल्यांदा असह्य वाटते. जाणकार म्हणतात, पुन्हा ऐका. आपण पुन्हा ऐकतो, आणि सातव्या-आठव्या वेळेला ती चक्क आवडायला लागते. मधल्या काळात नेमकं काय घडलं? आपण काही शिकलो, की नुसती सवय झाली?

हा फरक शाब्दिक नव्हे. ती नुसती सवय असेल, तर जाणकार म्हणजे आपल्या आधी सवय लागलेला माणूस, एवढंच. मग समीक्षकाने, शिक्षकाने, गुरूने ‘थांब, अजून ऐक’ म्हणणं ही एक प्रकारची शिकवणीवजा सक्ती ठरते. मी चाळीस वर्षं वर्गात तेच करत आलो, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर मला तरी हवं आहे.

उदाहरण घेऊ या ते कॅप्टन बीफहार्ट या टोपणनावाने गाणाऱ्या डॉन व्हॅन व्लिएट यांच्या ‘ट्राउट मास्क रेप्लिका’ या अल्बमचं. साल 1969. अमेरिकेत, लॉस एंजेलिसमध्ये तयार झालेला. निर्माता फ्रँक झापा. दोन तबकड्या, 28 तुकडे, जवळपास 79 मिनिटं. व्यक्तिशः मला याहून जास्त भांडणं लावणारा रॉक अल्बम माहीत नाही. एक पक्ष म्हणतो, हा शतकातला मोठा अल्बम. दुसरा म्हणतो, पाच जणांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून वाजवायला सांगितलं तर असंच ऐकू येईल. ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेचा कर्ता मॅट ग्रेनिंग पंधरा वर्षांचा असताना हा अल्बम विकत घेऊन आला, पहिल्यांदा ऐकून त्याला वाटलं की हा सगळा गोंधळ आहे. सहा-सात वेळा ऐकल्यावर तोच त्याचा सर्वांत आवडता अल्बम झाला. ही गोष्ट चाहते मोठ्या कौतुकाने सांगतात. मला मात्र ती पुरावा म्हणून कच्ची वाटते.

का कच्ची? कारण मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्येच, म्हणजे या अल्बमच्या एक वर्ष आधी, दाखवून दिलं होतं की एखादी निरर्थक गोष्टसुद्धा वारंवार समोर आली की माणसाला ती बरी वाटू लागते. अर्थ नसलेले शब्द, न कळणारी चिनी धर्तीची चिन्हं, काहीही. पुढे कॉर्नेल विद्यापीठातल्या जेम्स कटिंग यांनी आपल्या व्याख्यानांत मधूनमधून कमी प्रसिद्ध असलेली इंप्रेशनिस्ट चित्रं दाखवली, काही न बोलता. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांची पसंती त्या चित्रांकडे झुकलेली. म्हणजे ‘सहा वेळा ऐकलं आणि आवडलं’ यातून अल्बमबद्दल काहीच सिद्ध होत नाही. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाजही सहा महिन्यांनी गोड लागतो. (हशा)

पण गोष्ट इथे संपत नाही. 2013 मध्ये काही तत्त्वज्ञांनी कटिंगचाच प्रयोग वेगळ्या रीतीने केला. त्यांनी थॉमस किंकेड या गुळगुळीत, भेटकार्डछाप चित्रकाराची चित्रं वारंवार दाखवली आणि तुलनेसाठी एकोणिसाव्या शतकातल्या जॉन एव्हरेट मिले यांची. मिलेबद्दलच्या पसंतीत तशी घसरण दिसली नाही. किंकेड मात्र जितका जास्त पाहिला तितका नावडता झाला. एकाच प्रयोगावर फार मोठी इमारत बांधू नये, पण एवढं म्हणता येतं, की वारंवारतेने नेहमी गोडी वाढतेच असं नाही. कधी कधी ती डोळे उघडते. तेव्हा आपला प्रश्न असा होतो: कान उघडला, की नुसता बधिर झाला, हे ओळखायचं कसं?

इथे ह्यूम मदतीला येतो. 1757 च्या त्याच्या अभिरुचीवरच्या निबंधात ‘डॉन किहोते’मधल्या सांचोची एक गोष्ट आहे. सांचोच्या दोन नातलगांना एका पिंपातली वाइन चाखायला देतात. एक म्हणतो, उत्तम, पण किंचित चामड्याची चव आहे. दुसरा म्हणतो, उत्तम, पण लोखंडाची चव आहे. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामं केल्यावर तळाशी सापडते एक जुनी किल्ली, चामड्याच्या वादीला बांधलेली. ह्यूमचं म्हणणं असं, की सूक्ष्म अभिरुचीचा पुरावा पसंतीत नसतो, तो ओळखण्यात असतो. आपण म्हणतो ना, तानसेन होता आलं नाही तरी कानसेन व्हावं. कानसेन म्हणजे ज्याला गाणं आवडतं तो नव्हे. ते तर सगळ्यांनाच आवडतं. ज्याला सूर कुठे ढळला ते कळतं, तो.

मग ‘ट्राउट मास्क रेप्लिका’च्या तळाशी किल्ली आहे का? अल्बमचं पहिलंच गाणं, ‘फ्राउनलँड’, ऐकू या. दोन मिनिटांचंही नाही.

(गाणं ऐकवलं जातं.)

चेहरे बघितले मी तुमचे. ठीक आहे. पहिल्या वेळेला काय ऐकू येतं? वाद्यं सैरावैरा धावताहेत आणि एक घोगरा, हाउलिन वुल्फच्या वळणाचा आवाज त्यांना कसाबसा आवरून धरतोय. आता वस्तुस्थिती बघा. वाद्यवृंद आठ-एक महिने एका भाड्याच्या घरात राहून रोज तासन्‌तास याचाच सराव करत होता. व्हॅन व्लिएट यांना पियानो रीतसर येत नव्हता. ते त्यावर तुकडे ठोकायचे, ड्रमवादक जॉन फ्रेंच ते स्वरलिपीत उतरवायचा आणि गिटार, बास यांना वाटून द्यायचा. एका गिटारची आकृती लहान, दुसरीची लांब. समजा एक तीन मात्रांची आणि एक चार मात्रांची, तर दोघी बाराव्या मात्रेनंतरच पुन्हा एकत्र येणार. आपला कान समेची वाट बघतो, आणि इथे प्रत्येकाची सम वेगळी. तरीही ठरलेल्या जागी सगळे एकदम थांबतात आणि एकदम पुढच्या भागात उडी घेतात. योगायोगाने चार माणसं एकदम थांबत नसतात. स्टुडिओत गेल्यावर वीसेक गाण्यांचं वादन त्यांनी साधारण सहा तासांच्या एकाच बैठकीत उरकलं, इतकं ते पाठ होतं.

आणि आवाज? व्हॅन व्लिएट यांनी हेडफोन घालायला नकार दिला. काचेपलीकडून जे झिरपेल तेवढं ऐकून ते गायले. म्हणजे या ध्वनिमुद्रणात खरोखर सुटलेली, अंदाजाने चाललेली गोष्ट कोणती असेल तर ती गायन!

हे लक्षात आलं की ऐकणं उलटं होतं. अनोळखी कानाला वाटतं, गायक सावरतोय आणि वादक भरकटलेत. तयार कानाला ऐकू येतं, की वादक खिळ्यासारखे पक्के आहेत आणि गायक त्यांच्यावर तरंगतोय. हे पसंतीचं विधान नव्हे. तपासता येणारं आहे, चूक-बरोबर ठरणारं आहे. तुम्हाला अल्बम आयुष्यभर नावडता राहिला तरी हे ऐकू येऊ शकतं, आणि आवडूनही ऐकू न येणारे चाहते मी पाहिलेत. त्यांची झाली ती सवय.

आता दुसरं टोक. लू रीड, 1975, ‘मेटल मशीन म्युझिक’. यातही दोन तबकड्या. चार बाजू, प्रत्येकी सोळा मिनिटांच्या. ना गाणं, ना ठेका, फक्त गिटार आणि अँप्लिफायर यांच्यात घुमणारा फीडबॅक. कित्येक ग्राहकांनी तो दुकानात परत नेऊन दिला. लू रीडने रेकॉर्ड कंपनीची थट्टा केली, असंही खूप लिहिलं गेलं. पण पुढे जर्मन सॅक्सोफोनवादक उलरिश क्रीगर याने साथीदाराबरोबर हा सगळा कल्लोळ कानांनी ऐकून लिहून काढला, आणि 2002 मध्ये बर्लिनला ‘झाइटक्राट्झर’ या वाद्यवृंदाने व्हायोलिन, चेलो, फुंकवाद्यांवर तो वाजवला; रीड स्वतः त्यात सामील झाला. म्हणजे किल्ली इथेही आहे. लिहून घेण्याजोगं तिथे काही आहे.

तरी माझं मत सांगतो. चिकाटीने ऐकल्यावर त्या कल्लोळाच्या वरच्या थरात बारीक, चिवचिवणाऱ्या सुरावटी ऐकू येतात, आणि दहा मिनिटं त्या खरोखर मोहवतात. पण दुसऱ्या बाजूतली पाच मिनिटं उचलून तिसऱ्या बाजूत ठेवली, तर मला फरक कळणार नाही, आणि रचनेचंही काही बिघडणार नाही. ‘ट्राउट मास्क’मध्ये अशी अदलाबदल करून बघा, गाणं तिथल्या तिथे मोडतं. तेव्हा चौसष्ट मिनिटांची मागणी मला अवास्तव वाटते. ऐकायला शिकणं म्हणजे होकार द्यायला शिकणं, असा जो समज या अल्बमांच्या भक्तमंडळींत आहे, तो मला मान्य नाही. शिकलेल्याचा नकारही शिकलेलाच असतो.

आणि ज्याला हा खटाटोप करायचाच नाही, त्याचं काय? त्याला अडाणी म्हणायचा अधिकार कोणाला नाही. आयुष्य लहान आहे, आणि ऐकण्यासारखं पुष्कळ आहे. त्याने फक्त ‘यात काही नाही’ असं म्हणू नये. ‘मी शोधलं नाही’ म्हणावं.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला जास्त टोचते. अल्बम आला तेव्हा दंतकथा पसरवली गेली, की व्हॅन व्लिएट यांनी साडेआठ तासांत पियानोवर बसून हे सगळं रचलं आणि वाद्यं न येणाऱ्या पोरांना शिकवलं. वर्षानुवर्षं लोकांनी ती मानली. त्या घरातलं वास्तव वादकांनी पुढे सांगितलं, फ्रेंचने तर 2010 मध्ये जाडजूड पुस्तकच लिहिलं: पैसे नाहीत, खायला मूठभर सोयाबीन, अपमान, मारहाण. फ्रेंचला शेवटी घराबाहेर काढलं गेलं, आणि अल्बमच्या वेष्टनावर त्याचं नावच नव्हतं. ज्याने लिहून घेतलं, वाटून दिलं, बसवलं, त्याचं नाव नाही! आता माझ्यासारख्या श्रोत्याला वाटतं, की ज्यांनी हा अल्बम डोक्यावर घेतला त्यांनी नीट ऐकलं असतं, तर दंतकथेवर विश्वास बसला नसता. ती जुळवाजुळव ध्वनिमुद्रणातच आहे. एकट्या माणसाच्या लहरीतून चार जण एकदम थांबत नाहीत. ‘प्रतिभावंत’ हा शब्द कानात घालून ऐकलं, की एकाचाच आवाज ऐकू येतो.

2003 मध्ये त्या जुन्या वादकांपैकी काहींनी एकत्र येऊन हे तुकडे पुन्हा मंचावर वाजवले. व्हॅन व्लिएट त्यांच्यात नव्हते. त्यांनी संगीत सोडून चित्रकला धरली होती. चौतीस वर्षांनंतरही त्या आकृत्या जिथल्या तिथे बसल्या. ड्रमवर जॉन फ्रेंच होता. गायलाही तोच.